कॅमेरा शाबूत, ड्रायव्हर निकामी

चांगला वैज्ञानिक कॅमेरा पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो. त्याला जोडलेला संगणक मात्र त्याआधीच बदलावा लागतो आणि नव्या संगणकावर लिनक्सची नवी आवृत्ती येते. मग एक विचित्र अडचण उभी राहते. कॅमेरा ठीक, केबल ठीक, ड्रायव्हरचा प्रोग्रॅमही अक्षरशः तोच. पण तो कंपाइल करायला घेतला की पडद्यावर चुकांची यादी उमटते. लोखंड गंजते तसा प्रोग्रॅम गंजत नाही. मग हे घडते कसे?

कर्नल हा लिनक्सचा गाभा. प्रोसेसरचा वेळ, मेमरी, डिस्क यांचे वाटप तो करतो. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला. ड्रायव्हर हा कर्नल आणि उपकरण यांच्यामधला दुभाषा. तो बहुधा कर्नलच्या आतच राहतो आणि तिथली अनेक फंक्शन्स वापरतो.

इथेच मेख आहे. काल चालणारा बाहेरचा प्रोग्रॅम उद्याही चालला पाहिजे, हे वचन कर्नलचे कर्ते कसोशीने पाळतात. आतल्या फंक्शन्सबाबत मात्र त्यांनी असे वचन दिलेलेच नाही. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तसे स्पष्ट लिहिले असून ते टिपण कर्नलसोबतच मिळते.

हे बदल लहरीने होत नाहीत. दोन उदाहरणे पाहू. १९९६ साली आलेल्या २.० आवृत्तीत एकाहून अधिक प्रोसेसर वापरण्याची सोय झाली. गोंधळ टळावा म्हणून गाभ्याला एकच मोठे कुलूप ठेवले होते. प्रयोगशाळेची एकच किल्ली असली की बाकीचे वर्ग दाराशी ताटकळतात, तसेच इथे होऊ लागले. 'इतका वेळ प्रकाश घे' यासारख्या आज्ञा ड्रायव्हरपर्यंत पोहोचवणारी एक वाट या कुलपावर अवलंबून होती. २००५ साली कुलपाविना चालणारी नवी वाट आली, २०१० मध्ये जुनी बंद झाली आणि २०११ मध्ये कुलूपही गेले. जुन्या वाटेवर विसंबलेले ड्रायव्हर त्यानंतर कंपाइल होईनात.

दुसरे उदाहरण वेळेचे. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांत मोजले, तर ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. (एक बिट चिन्हासाठी सोडून २ चा ३१ वा घात म्हणजे किती वर्षे, हे विद्यार्थ्यांना काढायला सांगावे.) म्हणून वेळ सांगणारे जुने फंक्शन २०१९ च्या ५.० आवृत्तीत काढून टाकले.

कर्नलच्या भांडारातच असलेल्या ड्रायव्हरला याची झळ फारशी बसत नाही. फंक्शन बदलणाराच त्यातही दुरुस्ती करतो. भांडाराबाहेरच्या ड्रायव्हरचा वाली कोण? मूळ प्रोग्रॅम उपलब्ध असेल, तर जाणकार दुरुस्ती करू शकतो. तो गुप्त असेल, तर हात बांधलेलेच.

फिलिप्सच्या काही छोट्या कॅमेऱ्यांची कथा या दृष्टीने बोलकी आहे. हौशी खगोलप्रेमी त्यांनी ग्रहांची चित्रे घेत. ६४० × ४८० बिंदूंचे चित्र, दर बिंदूला १२ बिट, म्हणजे सुमारे ३७ लाख बिट. त्या काळच्या यूएसबीतून सेकंदाला फार तर १ कोटी २० लाख बिट जात; म्हणजे जेमतेम तीन चित्रे. म्हणून कॅमेरा चित्र आवळून पाठवी. ते उलगडण्याची रीत कंपनीने गुप्त ठेवली होती. ड्रायव्हर खुला होता, पण उलगडणारा भाग वेगळा आणि बंदिस्त. केवळ अशा बंदिस्त भागासाठी कर्नलमध्ये ठेवलेली खुंटी २००४ मध्ये काढली गेली, तेव्हा ड्रायव्हरच्या कर्त्याने सगळा ड्रायव्हरच मागे घ्यायला लावला. पुढे इतरांनी तो उलगडणाऱ्या भागासह खुल्या रूपात कर्नलमध्ये परत आणला.

यूएसबी कॅमेऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. 'लिबयूएसबी' हे साधन वापरून ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर लिहिता येतो. मग बाहेरच्या प्रोग्रॅमना दिलेले वचन त्यालाही लागू पडते.

एक सावधगिरी मात्र हवीच. ड्रायव्हर कंपाइल झाला, म्हणजे मोजमाप बरोबर झाले असे नव्हे. दुरुस्तीनंतर स्थिर प्रकाशाची एक, दोन, चार सेकंदांची चित्रे घ्यावीत. झाकण लावून तितक्याच वेळाची काळी चित्रे घेऊन ती वजा करावीत. उरलेली तेजस्विता दुप्पट, चौपट होते का, ते पाहावे. ती तशी होत नसेल, तर चुकांची यादी कोरी असूनही निरीक्षण चुकलेले असेल.

उपकरण विकत घेताना आपण हमीची वर्षे विचारतो. त्याच्या ड्रायव्हरचा मूळ प्रोग्रॅम मिळेल का, हेही विचारायला हवे. निरीक्षणांची मालिका वीस वर्षे चालवायची असेल, तर या प्रश्नाचे उत्तर हमीपत्राहून अधिक मोलाचे ठरते.