यादृच्छिक म्हणजे नेमके काय?

छाप्यासाठी १ आणि काट्यासाठी ० लिहीत आपण एक नाणे २० वेळा उडवले. समजा, उत्तर ०१०१०१०१०१०१०१०१०१०१ असे आले. आपल्याला लगेच संशय येईल. ०११०१०००११११०१००१०११ असे आले तर येणार नाही. पण संभाव्यतेचे गणित सांगते की दोन्ही उत्तरांची शक्यता अगदी सारखी आहे : १०,४८,५७६ मध्ये एक. मग आपला संशय चुकीचा का? तसे नाही. मात्र तो गणिताच्या भाषेत मांडायला सुमारे अर्धे शतक लागले.

१९१९ साली रिचर्ड फॉन मिझेस यांनी यादृच्छिक अनंत क्रमिकेसाठी दोन अटी घातल्या. एक, १ चे प्रमाण एका ठरावीक संख्येच्या (चांगल्या नाण्याबाबत १/२ च्या) जवळजवळ जात राहावे. दोन, पुढचा अंक पाहण्याआधीच ठरवलेल्या कोणत्याही नियमाने काही जागा निवडल्या, तरी तेथेही तेच प्रमाण मिळावे. थोडक्यात, जुगाऱ्याची कोणतीही युक्ती चालू नये. ०१०१… ही क्रमिका पहिली अट पाळते, पण फक्त सम क्रमांकाच्या जागा घेतल्या की तेथे सगळे १ च मिळतात.

आक्षेप आला तो ‘कोणताही नियम’ या शब्दांवर. ‘नेमक्या १ असलेल्या जागा’ अशीही एक यादी असतेच. ती चालत असेल तर एकही क्रमिका यादृच्छिक ठरणार नाही. अब्राहम वाल्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात दाखवले की पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक देता येतील एवढेच नियम घेतले, तर अशा क्रमिका नक्की असतात. कोणते नियम घ्यायचे, याचे उत्तर अलोन्झो चर्च यांनी १९४० मध्ये दिले : यांत्रिक रीतीने गणन करता येणारे.

पण १९३९ मध्येच झां व्हील यांनी या व्याख्येतील उणीव दाखवली होती. नियमांची अशी कोणतीही यादी घेतली, तरी त्या कसोटीला उतरणारी आणि तरीही कोठेही थांबलो तरी १ ची संख्या ० पेक्षा कमी न भरणारी क्रमिका त्यांनी रचली. खरे नाणे कायम एकाच बाजूला झुकते माप देत नाही.

आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९६३ साली कोलकात्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात या प्रश्नावर लेख लिहिला आणि १९६५ मध्ये वेगळी वाट धरली. क्रमिका छापणारी सर्वांत लहान संगणक-आज्ञावली किती लांबीची? ‘०१ दहा वेळा छाप’ हे थोडक्यात सांगता येते. जी क्रमिका जशीच्या तशी लिहून देण्यावाचून गत्यंतर नाही, ती यादृच्छिक. अमेरिकेत रे सोलोमोनॉफ आणि ग्रेगरी चायटिन स्वतंत्रपणे याच कल्पनेपर्यंत पोहोचले. अशा क्रमिका दुर्मीळ नाहीत. आखूड आज्ञावल्यांची संख्याच इतकी कमी असते की १० किंवा अधिक अंकांची बचत होऊ शकेल अशा क्रमिका ५१२ मध्ये एकीहून कमी भरतात.

कोल्मोगोरोव्ह यांच्याकडे मॉस्कोत शिकलेले स्वीडनचे पेर मार्टिन-लोफ यांनी १९६६ मध्ये तिसरी व्याख्या दिली : गणन करता येण्याजोग्या सर्व सांख्यिकीय कसोट्यांना उतरते ती अनंत क्रमिका यादृच्छिक. पुढे १९७० च्या दशकात आज्ञावलीची लांबी मोजण्याची रीत थोडी सुधारल्यावर सिद्ध झाले की या दोन्ही व्याख्या नेमक्या त्याच क्रमिका निवडतात. वेगवेगळ्या वाटा एकाच गावी पोहोचल्या, म्हणून व्याख्येवर विश्वास बसला.

त्याची किंमतही आहे. ‘ही क्रमिका यादृच्छिक आहे’ हे एका मर्यादेपलीकडे सिद्धच करता येत नाही. समजा, एक हजार अंकांची एक आज्ञावली सिद्धता धुंडाळत, ‘दहा लाखांहून आखूड आज्ञावलीने छापता येत नाही’ असे सिद्ध झालेली पहिली क्रमिका शोधून छापते. मग एक हजार अंकांत ती छापली गेलीच की! हा विसंगतीचा फास चायटिन यांनी दाखवला.

π च्या दशांश अंकांत डोळ्यांना नियम दिसत नाही. तरी ते छोट्या आज्ञावलीने मिळतात. म्हणून वर्गात ‘यात नियम नाही’ असे सांगण्याऐवजी ‘आम्हाला अजून सापडलेला नाही’ असे सांगणे आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. नियम आहे हे एखादा विद्यार्थी उद्या दाखवू शकेल. नाही हे दाखवणे मात्र बहुधा कोणाच्याच हाती नाही.