नववा अवतार कोणाचा?

दशावतारांत नववे नाव बुद्धाचे. पुराणांनी वेदविरोधी विचारवंतालाही देवत्व दिले, याचा हा दाखला म्हणून नेहमी सांगितले जाते. मूळ कथा मात्र इतकी उदार नाही.

भागवत पुराणात विष्णू बुद्धरूपाने येतो तो देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी. विष्णुपुराणातील ‘मायामोह’ असुरांना वेदमार्गापासून ढळवतो. मग दुबळ्या झालेल्या असुरांना देव जिंकतात. म्हणजे उपदेशक दैवी, पण उपदेश ऐकणारे फसवले गेलेले! १२व्या शतकातील जयदेवाचा सूर निराळा आहे. ‘गीतगोविंदा’तला बुद्ध यज्ञातील पशुहत्येने कळवळतो. अवतार तोच, प्रयोजन पालटलेले.

महाराष्ट्रात या स्थानावर विठ्ठलही दिसतो. जुन्या पंचांगांतील दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी तो उभा असतो आणि संतांच्या अभंगांत त्याला ‘बौद्ध’ म्हटलेले आढळते. येथे फसवणुकीचा मागमूसही नाही.

तरीही मायामोहाची कथा ज्यांच्यावर बेतली होती, त्यांच्या बाजूने पाहिले तर हा सन्मान संशयास्पदच ठरतो. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरच्या धम्मदीक्षेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील पाचवी प्रतिज्ञा बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचे स्पष्ट शब्दांत नाकारते.