सुट्टीतली वही कुणासाठी?

मंडळी, मे महिन्यात आमच्या टोकावड्याची मुलं घरात सापडायची नाहीत. करवंदांच्या जाळ्या, जांभळं, आंब्याखालचे डाव... हे सगळं हवंच. पण जूनमध्ये शाळा उघडली की तीच मुलं जोडाक्षरापाशी अडतात, ओळ सोडून अक्षर खाली घसरतं. मग पालक विचारतात, "गुरुजी, सुट्टीत रोज दहा ओळी शुद्धलेखन घालू का?" जरूर घाला. पण माणसं लिहितात कशासाठी, हे आधी पाहू या.

आमच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढून गेलं की वर लेणं लागतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहन राणी नागनिकेचा लेख तिथे आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. कोणते यज्ञ केले, दक्षिणा म्हणून किती गाई दिल्या, किती नाणी दिली, याचे आकडे त्यात कोरले आहेत. भारतातल्या जुन्यात जुन्या अंकलेखनात त्याची गणना होते. म्हणजे आमच्या डोंगरातलं सगळ्यात प्रसिद्ध लिखाण काय, तर हिशेब! पुढच्यांना कळावं म्हणून लिहिलेला.

दुसरं उदाहरण मुक्ताबाईचं. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, नंतर आणखी शाळा निघाल्या. त्यांच्या शाळेत शिकलेल्या मांग समाजातल्या या कोवळ्या मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. शाळेत जायला लागून तिला जेमतेम तीन वर्षं झाली होती. आमचा धर्म तरी कोणता, असा प्रश्न तिने त्यात देवालाच केला आहे. तो निबंध नसता, तर त्या वस्तीतली एक मुलगी तेव्हा काय विचार करत होती, हे आज कुणाला कळलं असतं? तिच्याविषयी लिहिणारे पुष्कळ निघाले असते, पण तिचं स्वतःचं बोलणं कायमचं गेलं असतं.

तिसरे साने गुरुजी. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतः हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. पुढे पुतणी सुधा हिला लिहिलेली त्यांची पत्रं 'सुंदर पत्रे' या नावाने पुस्तकरूपात आली. मुलांनी लिहावं असं वाटत असेल तर मोठ्यांनी आधी मुलांसाठी लिहावं, हे मला त्यांच्याकडे पाहून पटलं.

तिघांत सारखं काय? लिखाण कुणीतरी वाचणार होतं. शुद्धलेखनाची वही कुणी वाचत नाही, फक्त तपासतात. मुलाला हा फरक बरोबर कळतो.

आमच्याकडची काही मुलं मेच्या सुट्टीत नव्हे, तर दिवाळीनंतरच शाळेतून जातात. कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात ती पावसाच्या तोंडावर परततात. उचल किती घेतली, विटा किती पाडल्या, आठवड्याला खर्ची किती मिळाली, हे सगळं शेठच्या वहीत. राणीचा हिशेब दगडावर टिकला, यांचा यांच्याकडे नसतोच. घरातल्या चौथीच्या पोराने रोज संध्याकाळी आपल्या वहीत दोन आकडे टिपून ठेवले, तर हिशेबाच्या दिवशी बापाच्या हातात काहीतरी असेल. लिहिण्याची सवय मोडू नये म्हणतो ती यासाठी. हे नुसतं मार्कांचं काम नाही.

म्हणून या सुट्टीत मुलांना विषय देऊ नका, काम द्या. बाजाराची यादी त्यांच्याकडून करून घ्या. विहिरीचं पाणी किती पायऱ्या उतरलं ते रोज लिहायला सांगा. आजीला तिच्या लहानपणचं विचारून उतरवून घ्यायला सांगा. आणि कल्याण-पुण्याला असलेल्या, परदेशी गेलेल्या आपल्या मामा-मावशींना पत्र लिहायला बसवा.

मामा-मावशींनो, पत्र आलं तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढू नका, त्या शाळा पाहील. तुम्ही उत्तर पाठवा, तेही हाताने लिहून. उत्तर आलं नाही तर पोर दुसरं पत्र लिहीत नाही.