नवख्याची मुंबई

मुंबईविषयी आपल्याकडे एक समजूत फार दिवसांपासून रूढ आहे. ती अशी की, या नगरीत जो येतो त्यास ती पोटाशी धरते. रिकाम्या हाताने आलेला मनुष्यही येथे उपाशी निजत नाही. ही समजूत सर्वस्वी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु नवख्यास पोटाशी धरणारे ते हात नेमके कोणाचे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्या प्रश्नाचा थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

मुंबईच्या वैभवाचे विस्तृत चित्र मराठी वाचकांपुढे प्रथम ठेवणारा गोविंद नारायण माडगावकर यांचा ‘मुंबईचे वर्णन’ हा ग्रंथ १८६३ साली प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्ते मूळचे गोव्याचे असून बालपणी मुंबईस आलेले होते. म्हणजे मुंबईचे हे वर्णनही एका बाहेरून आलेल्या गृहस्थानेच लिहिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ग्रंथ निघाला तो काळही मोठा विलक्षण होता. १८५३ च्या १६ एप्रिल रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढल्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी सुताच्या गिरणीची कंपनी काढली. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. १८६२ साली सर बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले आणि त्यांच्या अमदानीत कोटाचा जुना तट पाडण्यात आला. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग पार पडून देश आणि मुंबई एकमेकांस जोडली गेली. १८६५ मध्ये रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, १८७८ साली राजाबाई मनोरा पुरा झाला आणि १८८८ साली बोरीबंदराचे ते भव्य स्टेशन उभे राहिले. सूर्यास्ताबरोबर अंधारात बुडून जाणाऱ्या गावाहून आलेल्या मनुष्यास हे सर्व पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

परंतु या झगमगाटाची दुसरी बाजू खानेसुमारीच्या आकड्यांत दिसते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ पासून इंग्लंडास तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. भागभांडवलाच्या कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. १८६४ च्या गणनेत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली. पुढे १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या, आणि १८७२ च्या गणनेत वस्ती ६,४४,४०५ वर आली. गणनेत थोडीफार चूक धरली, तरी दीड लाखांहून अधिक माणसे आठ वर्षांत या शहरातून नाहीशी झाली, हे मान्य करावे लागते. बुडालेल्या शेटसावकारांच्या कथा पुष्कळांनी लिहून ठेविल्या आहेत. ही माणसे कोठे गेली, ते मात्र फारसे कोणी लिहिले नाही. त्यांतील बहुतेक जेथून आली होती तेथेच परत गेली असली पाहिजेत. कारण त्यांस दुसरी जागा नव्हती.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. मुंबईत राहावयास आलेला मनुष्य गाव सोडून येत नसे. गावाचा एक तुकडा बरोबर घेऊन येत असे. रत्नागिरीकडील मनुष्य गलबताने किंवा पुढे आगबोटीने येऊन धक्क्यावर उतरला, की त्याच्या हातात एक वळकटी, एक ट्रंक आणि गाववाल्याचा पत्ता एवढेच असावयाचे. तो पत्ता परळ, लालबाग अथवा भायखळा येथील एखाद्या चाळीतील खोलीचा. त्या खोलीचे भाडे एका मनुष्याच्या नावे नसून गावच्या दहा-पंधरा मंडळींच्या वर्गणीतून निघे. दिवसपाळीचे लोक बाहेर पडले, की रात्रपाळीचे त्याच जागी अंग टाकीत. गोव्याकडील ख्रिस्ती मंडळींनी हीच व्यवस्था अधिक नियमबद्ध केली होती. धोबीतलावाच्या आसपास त्यांच्या गावोगावच्या नावाने ‘कुड’ असत. प्रत्येकाची पेटी, माफक वर्गणी, आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून करावयाची प्रार्थना, असा तेथील शिरस्ता होता. बोटीवर नोकरीस जाणारा खलाशी दोन सफरींच्या मधले दिवस तेथेच काढी. पांढरपेशांची गोष्टही फारशी निराळी नव्हती. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे आजे-पणजे गिरगावातील एखाद्या नातलगाच्या खोलीत, व्हरांड्यात पथारी पसरूनच कारकून झाले असतील.

राहण्याची सोय झाली, तरी काम मिळणे सोपे नव्हते. गिरणीत माणूस ठेवणे अगर काढणे हे जॉबरच्या हाती असे. त्यास दस्तुरी चारल्यावाचून पुष्कळदा साचावर उभे राहावयास मिळत नसे. तो जॉबरही बहुधा आपल्याच गावचा किंवा मुलखातला. तेव्हा ज्या हाताने आधार दिला, तोच हात खिसाही चाचपीत असे, हे सांगितल्यावाचून चित्र पुरे होणार नाही. गावकीची ही व्यवस्था म्हणजे केवळ प्रेमाचा पान्हा होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जो गावकीबाहेरचा, अथवा ज्याची जात गावकीस चालत नसे, त्यास याच शहरात दाराबाहेर उभे राहावे लागले. कापड खात्यात तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि विटाळाच्या कल्पनेमुळे अस्पृश्य मानलेल्या कामगारांस त्या अधिक मजुरीच्या खात्यात शिरू देत नसत. गावाचा तुकडा आला, तो त्यातील काट्यांसकट आला.

आता जेवणाचा प्रश्न. १९२१ च्या खानेसुमारीत मुंबईतील शंभर माणसांपैकी चौऱ्याऐंशी मुंबईबाहेर जन्मलेली होती, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या अवघ्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे हे एकट्या पुरुषांचे शहर होते. त्यांची बायकामुले गावी शेत राखीत, म्हाताऱ्यांची सेवा करीत आणि पोस्टमनची वाट पाहात. १८८० मध्ये टपालखात्याने मनिऑर्डरची सोय केल्यापासून तर कोकणातील कित्येक घरांची चूल या पोस्टमनच्या पावलांवर पेटू लागली. इकडे मुंबईत त्या पुरुषांस रांधून घालणारी होती ती खाणावळवाली बाई. ती पुष्कळदा विधवा, अथवा गिरणीतील एखाद्या कामगाराचीच बायको. आपल्या लहानशा खोलीत ती दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी. पगाराच्या दिवसापर्यंत सर्व उधारीवर चाले. आणि दाणागोटा भरण्यासाठी ती सावकाराकडून जबर व्याजाने पैसे घेई. नवख्यास नोकरी लागण्यापूर्वीच्या दिवसांत ज्याने कोणी जेवू घातले, त्याचे नाव ‘मुंबई’ असे सांगण्याची चाल पडली आहे. वस्तुतः ते नाव या बाईचे आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी संकटकाळी लागली. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा उपद्रव उघडकीस आला. घरोघर तपासण्या आणि रोग्यांस इस्पितळात नेणे सुरू झाले, तसे लोक आगगाड्यांनी व बोटींनी लाखांनी शहर सोडून गेले. १८९१ मध्ये ८,२१,७६४ असलेली वस्ती १९०१ मध्ये ७,७६,००६ भरली. शहराने श्रम घेतले. आजारपण, म्हातारपण आणि बेकारी यांचा भार मात्र गावावर टाकिला. राहण्याची सोय करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे सरकारने बी. डी. डी. च्या २०७ चाळी उभारिल्या. तरीही १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात मुंबईतील कामगारवर्गापैकी शेकडा सत्त्याण्णव लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहतात, असे नमूद झाले आहे.

पुढे अर्धशतक लोटले, राज्य बदलले. तरी ही रीत पालटली नाही. १९८२ च्या १८ जानेवारीस डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगारांनी संप पुकारला, तेव्हाही हजारो कामगार आपली वळकटी बांधून गावी गेले, आणि गावच्या भातानाचणीवर त्यांनी तो संप चालविला. संप रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. गिरण्या मात्र एकामागून एक मिटल्या आणि त्यांच्या जागेवर उंच मनोरे व बाजारपेठा उभ्या राहिल्या. त्यांचे दिवे जुन्या गॅसच्या दिव्यांहून कितीतरी प्रखर आहेत. खाणावळवाल्या बायकांची दखल तेवढी या काळात कोणी घेतली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले, आणि सावकाराच्या पाशातून पुष्कळजणी सुटल्या. जे काम शंभर वर्षांपूर्वी व्हावयास हवे होते, ते एवढ्या उशिरा झाले.

तात्पर्य, नवखा मनुष्य मुंबईस सरावला तो मुंबईच्या कृपेने फारसा नव्हे. गावची खोली, खाणावळ आणि मागे राहिलेल्या स्त्रीचे कष्ट या तिहींच्या बळावर तो येथे टिकला, आणि त्याच्या टिकण्यावर शहराचे वैभव उभे राहिले. मनोऱ्यांच्या आणि स्टेशनांच्या बांधणीचे हिशेब दप्तरांत सुरक्षित आहेत. खाणावळीच्या उधारीच्या वह्या, गावच्या खोलीची वर्गणीची पुस्तके आणि मनिऑर्डरींच्या पावत्या मात्र रद्दीत चालल्या आहेत. आमच्या वाचकांच्या घरी, आजोळच्या पेटाऱ्यात अथवा माळ्यावरील ट्रंकेत, असा एखादा कागद असेल तर तो त्यांनी जपून ठेवावा, आणि तो कोणाचा, कोणत्या सालचा हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून त्यावर लिहून ठेवावे. ते सांगू शकतील अशी माणसे आता थोडी उरली आहेत.