पायाळू यंत्र

आमच्या गावच्या वाड्यात मोहरांचा हंडा पुरलेला आहे, हे मी आजीकडून इतक्यांदा ऐकलं होतं, की बँकेत नोकरीला लागताना तो स्थावर मालमत्तेत दाखवावा की जंगम, असा मला प्रश्न पडला होता. हंड्यावर अर्थातच नाग. तो दिसायला पायाळू माणूस लागतो आणि त्याच्या डोळ्यांत अंजन घालावं लागतं. आमच्या घराण्यात सगळे डोक्याकडून जन्मलेले. त्यामुळे हंडा राहिला आणि वाडा पडला. पडल्यावर धाकट्या काकांनी एका उन्हाळ्यात देवघर, माजघर आणि चुलीमागची भिंत कुदळीनं उकरून काढली. निघालं काय? घडीव खिळे, एक कडी आणि हिरवा पडलेला तांब्याचा एक पैसा. खिळे काकांनी भंगारवाल्याला घातले.

इंग्रज लोकांना पायाळू माणूस लागत नाही. ते यंत्र वापरतात. काठीच्या टोकाला तव्याएवढं वेटोळं असतं. त्यात वीज खेळवली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, आणि जमिनीत धातू असला की त्या क्षेत्रात फरक पडून यंत्र कुंई करतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनं १८८१ साली असलंच एक यंत्र अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला आणलं होतं. पलंगातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला म्हणतात. गोळी सापडली नाही आणि अध्यक्षही गेले. आता तेच यंत्र घेऊन लोक जुन्या घरांच्या जागा आणि शेतं पालथी घालतात. बहुतेकांना बाटलीची बुचं आणि खिळे मिळतात. म्हणजे आमचे काका यंत्राशिवायही फारसे मागे नव्हते.

पण नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडातल्या सफोक परगण्यात, हॉक्सन गावी, वेगळंच घडलं. एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्यानं आपल्या ओळखीच्या निवृत्त माळ्याला बोलावलं. या माळ्याला निवृत्तीच्या वेळी धातुशोधक यंत्र भेट मिळालं होतं. (आपल्याकडे घड्याळ देतात. वेळेवर पोचायचं बंधन ज्या दिवशी संपलं, नेमकं त्या दिवशी!) यंत्र कुंई झालं. खणलं, तर चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी.

आणि तो माणूस थांबला. अहो, थांबला! थोडं काढून झाल्यावर त्यानं हात आवरला आणि रीतसर कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाले आले आणि त्यांनी बाकीचं जागच्या जागी टिपून घेत काढलं. म्हणून तर कळलं, की हा सगळा ऐवज एका ओकच्या पेटीत, आत लहान पेट्या, त्यांना चांदीची इवलीशी कुलुपं, भांड्यांमध्ये गवत, असा नीट भरून ठेवला होता. कुदळ चालली असती, तर नुसतं वजन कळलं असतं.

मोजदाद पाहून माझ्यातला कॅशियर जागा झाला. सोन्याची नाणी ५६९, चांदीची १४,२७२, काशाची २४. मी बेरीज करून पाहिली, १४,८६५. टॅली! सर्वांत नवं नाणं इसवी सन ४०७-४०८ चं. म्हणजे ब्रिटनमधला रोमन अंमल उठायला आला तेव्हाचं. चांदीच्या चार मिरीदाण्यासुद्धा होत्या, आणि त्या काळी तिकडे मिरी जायची आपल्या मलबारातून. सोन्याच्या एका कंकणावर जुलियाना नावाच्या बाईला शुभेच्छा कोरल्या आहेत. परत यायच्या खात्रीशिवाय कोणी इतकं नीट बांधून ठेवत नाही. आमच्याकडे १० वर्षं कोणी फिरकलं नाही, तर ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. इथं पावणेसोळाशे वर्षं खातेदार फिरकला नाही.

माळ्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले. कायद्यानं बंधन नसताना त्यानं शेतकऱ्याला वाटा दिला. हातोडीही सापडली. ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आपल्याकडे १८७८ सालचा निधीचा कायदा आहे. जमिनीत १० रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं. कोणी मालक निघाला नाही, तर पाऊण हिस्सा सापडवणाऱ्याचा आणि पाव जमीनवाल्याचा. सरकारला हवं असेल, तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन सरकार घेतं.

हे सगळं वाचून मी काकांचा तो पैसा मागवून घेतला. झिजला आहे, पण आहे. चुलीमागं सापडला असेल तर आजीच्या सासूची शिल्लक असणार, देवघरात असेल तर दक्षिणा, आणि उंबऱ्याखाली असेल तर वास्तुशांतीला पुरलेला. घडीव खिळे असते तर वाडा कधीचा, तेही कोणी जाणत्यानं सांगितलं असतं. मी काकांना फोन केला.

"काका, पैसा नेमका कुठं सापडला हो?"

"मातीत," काका म्हणाले. "आणखी कुठं सापडणार?"