घराआधी शेजार : भोपाळच्या वस्त्यांचा इतिहास आणि निवासाची पारख

प्रस्तावना

'अल्-जार कब्लद्-दार' अशी एक जुनी अरबी म्हण आहे. घर घेण्यापूर्वी शेजारी पाहा, असा तिचा अर्थ. आपल्या घरांतून ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडी अनेकदा येते आणि तिचा अर्थ बहुधा 'माणसे कशी आहेत, आपली आहेत का' एवढाच घेतला जातो. परंतु शहरात शेजारी म्हणजे केवळ माणूस नव्हे. कारखाना, नाला, भूजल, वाऱ्याची दिशा, इमारतीचा पाया, जमिनीचा कागद हे सर्व शेजारीच होत. प्रस्तुत लेखात भोपाळ शहराच्या वाढीचा आढावा घेऊन 'सुरक्षित वस्ती' ही कल्पना काळानुसार कशी बदलत गेली आणि तिच्यात कोणती उणीव राहिली, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

तटबंदी, पाणी आणि पेठा

अठराव्या शतकाच्या प्रारंभी दोस्त मोहम्मद खान यांनी भोपाळ संस्थानाचा पाया घातला व फतेहगढ किल्ला बांधला. त्या काळात सुरक्षित मोहल्ला म्हणजे तटाच्या आतील मोहल्ला. हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. डिसेंबर १७३७ मध्ये पहिल्या बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळ येथेच कोंडीत पकडले आणि जानेवारी १७३८ मध्ये दुराहा सराई येथे तह झाला. पुढे १८१२-१३ मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांनी शहराला वेढा घातला, तेव्हा वजीर मोहम्मद खान यांनी कित्येक महिने शहर लढवले. शत्रू बाहेरून आणि दिसेल असा येत होता. म्हणून भिंत आणि तलावाचे पाणी हीच वस्तीची मुख्य कसोटी होती.

बेगमांच्या राजवटीत ही कसोटी बदलली. कुदसिया बेगम यांनी शहराला नळाने पाणी मिळावे म्हणून जलयोजना उभारली. शाहजहाँ बेगम (राज्यकाल १८६८-१९०१) यांनी तटाबाहेर शाहजहाँनाबाद वसवले. ताजमहाल नावाचा राजवाडा आणि ताज-उल-मसाजिद या भव्य मशिदीचे काम ही त्यांचीच देणगी. तटाबाहेर राहणे धोक्याचे न ठरता मोकळ्या हवेचे व प्रतिष्ठेचे लक्षण झाले. चांगली वस्ती म्हणजे पाणी, प्रशस्त रस्ता, मशीद, मदरसा व बाजार, ही आजही ओळखीची वाटणारी यादी याच काळात तयार झाली.

राजधानी आणि दोन कारखाने

भोपाळ संस्थान १ जून १९४९ रोजी भारत सरकारच्या कारभाराखाली आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड या सार्वजनिक कंपनीची स्थापना झाली. १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते भोपाळच्या कारखान्याचे उद्घाटन झाले आणि १९७४ मध्ये ही कंपनी 'भेल'मध्ये विलीन झाली. कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा येथे कामगारांची घरे, शाळा, कस्तुरबा रुग्णालय, रुंद रस्ते व झाडे आली. रायसेन मार्गालगतची इंद्रपुरी ही वसाहत याच परिसरातील. कंपनीच्या नगराशेजारी नोकरदार, निवृत्त कर्मचारी व लहान व्यापारी यांनी घरे करावीत, असा तो भाग.

दुसरा कारखाना शहराच्या उत्तरेस उभा राहिला. युनियन कार्बाइडचा कीटकनाशकांचा हा उद्योग १९६९ मध्ये येथे सुरू झाला आणि १९८० पासून तेथे मिथाइल आयसोसायनेट हा विषारी पदार्थ तयार होऊ लागला. भिंतीपलीकडे जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, छोला अशा गरीब, दाट वस्त्या होत्या. रेल्वे स्थानकही जवळच. येथे कारखान्याने वस्तीला रोजगाराची आशा दिली, पण आत काय साठवले आहे याची माहिती दिली नाही. एका कारखान्याने आपल्या कामगारांसाठी नगर वसवले. दुसऱ्याच्या भिंतीला टेकून नगर आपोआप वसत गेले. दोन्हीकडच्या रहिवाशांना आपण 'कारखान्याजवळ राहतो' असेच वाटत होते.

इशारे होते, ऐकले गेले नाहीत

भोपाळची दुर्घटना अचानक घडली असे म्हणण्याचा प्रघात आहे. इतिहास तसे सांगत नाही. १९७५ मध्ये शहराच्या विकास आराखड्याच्या वेळी घातक उद्योग दाट वस्तीपासून दूर असावेत हा विचार पुढे आला होता. महेश बुच या सनदी अधिकाऱ्याने हा कारखाना हलवण्याचा आग्रह धरला होता. कारखाना हलला नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूच्या गळतीत मोहम्मद अशरफ खान या कामगाराचा मृत्यू झाला. त्यानंतर पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ पासून आपल्या 'रपट' या साप्ताहिकातून आणि जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'तून शहरावरील संकटाबद्दल स्पष्ट शब्दांत लिहिले. विधानसभेतही प्रश्न निघाला. कारखाना हलवणे शक्य नाही, असेच उत्तर मिळाले.

यात सर्वांत बोधक गोष्ट कागदाची आहे. १९८४ मध्ये, दुर्घटनेच्या काही महिने आधी, राज्य शासनाने झोपडपट्टीवासीयांना जमिनीचे पट्टे दिले. कारखान्यालगतच्या कित्येक कुटुंबांना त्यामुळे प्रथमच 'हे घर आता आपले' असे म्हणता आले. गरिबाच्या दृष्टीने पट्टा म्हणजे सुरक्षितता. आता कोणी हुसकावणार नाही. परंतु पट्टा मालकीचा धोका दूर करतो, हवेचा नव्हे. कायदेशीर घर आणि सुरक्षित घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याच वर्षी २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री सिद्ध झाले.

त्या रात्री टाकी क्रमांक ६१० मधून सुमारे ४० टन वायू बाहेर पडला. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत पसरत गेला. वाऱ्याने तो दाट वस्तीवर नेला. लोक वायू ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने धावले, कारण कोणत्या बाजूला पळावे हे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते. प्रारंभीचा शासकीय मृतांचा आकडा २,२५९ होता. पुढे राज्य शासनाने ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटनांचे अंदाज याहून कितीतरी मोठे आहेत. शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुग्रस्त जाहीर झाले. पूर्वेकडील 'भेल'चा परिसर मुख्य तडाख्याबाहेर राहिला. वायूने मोहल्ल्याचे नाव वा धर्म पाहिला नाही. अंतर, वारा आणि घराच्या भिंती तेवढ्या पाहिल्या.

धोका तेथेच संपला नाही. १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेस सांडपाण्यासाठी तलाव बांधले होते. त्यातून व आवारात टाकलेल्या कचऱ्यातून भूजल दूषित झाले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये आसपासच्या वस्त्यांना शुद्ध पाणी पुरवण्याचे आदेश दिले. कारखान्यात साठवलेला सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पिथमपूरला नेण्यात आला आणि त्यानंतर तेथे जाळण्यात आला. माती व भूजलातील दोष मात्र त्याने धुऊन निघत नाही. १९८४ नंतर जी कुटुंबे स्वस्त जागेसाठी तेथे राहावयास आली, त्यांनी वायू पाहिलाच नव्हता. त्यांनी केवळ हातपंप मारला.

भीतीने निवडलेली घरे

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर भोपाळमध्ये झालेल्या दंगलीत शंभराहून अधिक माणसे मारली गेली. त्यानंतर मिश्र वस्ती सोडून आपापल्या समाजात घर शोधण्याची प्रवृत्ती वाढली. मुंबईतही १९९२-९३ नंतर हजारो मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याकडे गेली. या भीतीला कमी लेखणे अन्यायाचे होईल. ज्याचे घर जळाले आहे त्याला शेजाऱ्याचे नाव विचारावेसे वाटणारच. शिवाय अनेकांना हव्या त्या वस्तीत घर भाड्याने मिळत नाही, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही.

परंतु एका भीतीपासून पळताना दुसऱ्या धोक्याकडे पाठ फिरते. घरांची मागणी अचानक वाढली की बेकायदा बांधकामे वाढतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळ फाटा येथे लकी कंपाउंडमधील अनधिकृत इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारतीत शेजारी 'आपले' आहेत की नाहीत, याने काहीच फरक पडला नाही. पाया पक्का आहे का, हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता आणि तो विचारला गेला नव्हता.

निष्कर्ष

या विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, प्रत्येक पिढी मागच्या संकटाच्या मापाने वस्ती मोजते. वेढ्याच्या आठवणीने तट पाहिला गेला, दंगलीच्या आठवणीने शेजाऱ्याचा धर्म. येणारे संकट मात्र बहुधा दुसऱ्या दाराने येते. दुसरी, वस्तीची माहिती असणे आणि ती रहिवाशांपर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण अधिनियम आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून घातक उद्योगांवर परिसरातील लोकांना धोक्याची माहिती देण्याचे बंधन घालण्यात आले. २००५ मध्ये माहितीचा अधिकार मिळाला. अधिकार कागदावर आहे. तो वापरण्याची सवय समाजात रुजायची आहे.

म्हणून घर पाहावयास जाताना रंग, भाडे व मशिदीचे अंतर यांबरोबर काही प्रश्न आवर्जून विचारावेत. वाऱ्याच्या दिशेला कोणता उद्योग आहे? पाणी कोठून येते आणि त्याची तपासणी झाली आहे का? पावसाळ्यात नाल्याचे पाणी कोठवर चढते? जागेवर पूर्वी काय होते? बांधकाम परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र आहे का? रात्री रुग्णवाहिका गल्लीत शिरू शकते का? यांतील बहुतेकांची उत्तरे दलालाकडे नसतात. ती जुन्या रहिवाशांकडे, रात्रपाळीच्या कामगाराकडे, पाणी भरणाऱ्या स्त्रियांकडे असतात.

येथे आपल्या महाविद्यालयांना करण्यासारखे काम आहे. इतिहास व भूगोल विभागांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या मोहल्ल्याचा इतिहास लिहून घ्यावा. विहिरी, कारखाने, पूर, आगी, नकाशे, वृद्धांच्या मुलाखती यांची नोंद व्हावी आणि ती ग्रंथालयात सर्वांना पाहण्यास खुली राहावी. इंद्रपुरी असो वा काझी कॅम्प, मुंब्रा असो वा मालेगाव, वस्तीचा लिखित इतिहास हा पुढे तेथे येणाऱ्या अनोळखी कुटुंबाला दिलेला शेजारधर्मच आहे.