रानडुकराचा धनी कोण?

धर्मशास्त्रांतील अठरा व्यवहारपदांत ‘स्वामिपालविवाद’ म्हणून एक पद आहे. गुरें दुसऱ्याच्या शेतांत शिरून पीक खातील तर दोष मालकाचा कीं गुराख्याचा, याचा तेथें निर्णय केला आहे. याज्ञवल्क्यानें म्हशीबद्दल आठ माष, गाईबद्दल त्याच्या निम्मा व शेळीमेंढीबद्दल त्याच्याहि निम्मा दंड सांगितला असून, जेवढें पीक नासलें तेवढें फळ क्षेत्रस्वाम्यास मिळावें असें म्हटलें आहे. मनूनें कुंपणाचेंहि माप दिलें आहे: उंटास पलीकडचें दिसूं नये इतकें तें उंच असावें, आणि कुत्र्याडुकराचें तोंड शिरेल असें एकहि भोंक त्यांत राहूं नये. गांवालगतच्या शेतास कुंपण नसेल तर गुराख्यास दंड नाहीं, हेंहि त्यानेंच सांगितलें. उंट कोंकणांत नाहीं. डुकराचा उल्लेख मात्र अलिबाग-मुरुडकडील शेतकऱ्यास आजहि तंतोतंत पटेल.

तथापि या सर्व निर्णयांत जनावरास कोणी तरी धनी आहे हें गृहीत धरलें आहे. रानडुकरास धनी कोण? कुलाबा जिल्ह्याचा (इ. स. १९८१ पासून रायगड) इतिहास पाहतां हा प्रश्न केवळ शास्त्रार्थाचा राहत नाहीं.

इ. स. १८७८ या एकाच वर्षीं हिंदुस्थान सरकारनें वनांचा कायदा केला आणि हत्यारांचाहि केला. पहिल्यानें राखीव रानांतील तोड, शिकार व फांसे यांवर निर्बंध आले. दुसऱ्यानें परवान्यावांचून बंदूक बाळगणें गुन्हा ठरला. शेतकऱ्याच्या हातीं राहिली वई, माळा, गोफण आणि रात्रीची जाग. वईच्या कांटेरी फांद्या तरी रानांतूनच यावयाच्या! ठाणें-कुलाब्यांतील रयतेच्या तक्रारी इतक्या वाढल्या कीं इ. स. १८८५ त मुंबई सरकारास वनांविषयीं कमिशन नेमावें लागलें. त्या वादांत राबाचा प्रश्न गाजला. डुकराची गोष्ट मागें पडली.

अलिबागेच्या दक्षिणेस जंजिरा संस्थान होतें. फणसाडचें रान नबाबाच्या शिकारीसाठीं राखलेलें होतें. माझ्या मतें तेथें शास्त्रदृष्ट्या स्थिति अधिक स्पष्ट होती. ज्याच्या मौजेसाठीं श्वापदें राखलीं, तोच त्यांचा धनी म्हणावयास हरकत नाहीं. इ. स. १९४८ त संस्थान विलीन झालें व १९८६ त त्याच रानाचें अभयारण्य झालें. शिकारी गेला, भात पोटरींत आलें कीं शेतांत उतरणारा डुक्कर राहिला.

आजची व्यवस्था मोठी मौजेची आहे. इ. स. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत पीकरक्षणार्थ ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद आहे. परंतु ती डुकरावर झाडावयाची तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखालीं वनाधिकाऱ्यांची वेगळी लेखी परवानगी लागते. त्याच कायद्याप्रमाणें मेलेला सांपडलेला रानडुक्कर सरकारची मालमत्ता होतो. जिवंतपणीं त्याच्या धन्याविषयीं कायदा इतका स्पष्ट बोलत नाहीं. तरी पंचनामा करून महाराष्ट्र शासन पिकाची भरपाई देतें, आणि भरपाई देणें म्हणजे याज्ञवल्क्याच्या न्यायानें स्वामित्व पतकरणेंच होय. माळ्यावर जागलेल्या रात्री मात्र कोणत्याहि पंचनाम्यांत चढत नाहींत.

मुरुड-रोह्याकडील जुन्या घराण्यांत नबाबी अमलांतील रानासंबंधीं कागद असल्यास त्यांत शेतरखवालीचा, वईच्या लांकडाचा व नुकसानीच्या सुटीचा उल्लेख आहे काय, तें तिकडील अभ्यासकांनीं पाहावें.